मोरिता सानांची ठेव

जर्मनीत र्युसेल्सहाइमला श्रीधर फडतऱ्याच्या घरी खिडकीखाली एक लाकडी घोडी होती आणि घोडीवर एक तलवार. नवा पाहुणा आला की हमखास विचारायचा, "मराठेशाहीतली का हो?"

"नाही, जपानची आहे."

"मग तुमच्याकडे कशी?"

"माझी नाही. मोरिता सानांची ठेव आहे. न्यायला येणार आहेत."

हे 'येणार आहेत' तो असं म्हणायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस खाली गाडी लावायला जागा शोधतोय. प्रत्यक्षात मोरिता सान जपानला गेले त्याला सहा वर्षं होत आली होती.

श्रीधरला तलवारीची ओढ लागली कुठून, तर गावाकडून. कोरेगाव तालुक्यातलं गाव, तिथं भैरोबाच्या देवळात एक जुनी तलवार. दसऱ्याला ती पुजायची, मिरवायची, असा फडतऱ्यांचा मान. पण ती म्यानात अशी गंजून बसलेली, की बाहेर निघायचं नाव नाही. श्रीधर कॉलेजात असतानाची गोष्ट. एका दसऱ्याला गावातले तरणे इरेला पेटले. दोघं म्यानाला, दोघं मुठीला, आणि लागली रस्सीखेच. काय सांगावं, मूठ सुटून हातात आली आणि मुठीवाले दोघं गुरवाच्या नारळांच्या राशीत उताणे! पातं म्यानात ते म्यानातच. गुरव धोतर झटकत म्हणाला, "देवाची इच्छा." तेव्हापासून ते गाव मुठीची वेगळी पूजा करतं आणि म्यानाची वेगळी. पातं कसं आहे, आहे की नाही, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. श्रीधरला मात्र ते बघायचं राहून गेलं, आणि राहून गेलेली गोष्ट माणसाला सोडत नाही.

पुढं तो इंजिनिअर झाला, भोसरीत नोकरी केली, आणि मग र्युसेल्सहाइमच्या मोटारीच्या कारखान्यात आला. काम भट्टीवरचं. गिअर लालबुंद तापवायचे, तेलात बुडवायचे, कडक करायचे. एकदा बेअरिंगच्या एका लॉटवरून तक्रार झाली आणि पुरवठादार कंपनीकडून मोरिता सान आले. बारीक चणीचे, पन्नाशी उलटलेले, कोटाची सगळी बटणं लावलेले. सकाळभर दोघं समोरासमोर बसून भांडले आणि दुपारी कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर आले, कारण अख्ख्या कॅन्टीनमध्ये घरून डबा आणणारे तेवढे दोघंच. एकाच्या डब्यात पोळी-भाजी, दुसऱ्याच्या डब्यात भाताचे गोळे. गोळ्यात काय आहे म्हणून याने विचारलं, भाजीत काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि बोलणं भट्टीवर आलं.

मोरिता सानांनी रुमालावर पेनाने तलवार काढून दाखवली. पाठीला मातीचा जाड लेप, धारेला पातळ. भट्टीत तापवायची आणि पाण्यात बुडवायची. धार पटकन गार होते, कडक होते. पाठ सावकाश गार होते, मऊ राहते. आणि त्या ओढाताणीत पातं आपोआप बाक घेतं.

श्रीधर म्हणाला, "आमच्याकडे पार्ट वाकला की रिजेक्ट."

"हो, हो," मोरिता सान म्हणाले, "आमच्याकडे वाकला की तलवार."

आणि दोघं असे हसले, की शेजारचे टेबलवाले वळून बघायला लागले. सकाळी एकमेकांची कॉलर धरायची बाकी होती, हे विसरूनच गेले.

त्या शनिवारी मोरिता सान त्याला एका शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामशाळेत, घेऊन गेले. तिथं ते तलवार काढण्याची जुनी सामुराई विद्या शिकवायचे. समोर शत्रू नसतोच. आहे असं मानायचं. गुडघ्यावर बसायचं, त्याची चाहूल घ्यायची, म्यानातून एका दमात तलवार काढून वार करायचा, रक्त झटकायचं, आणि सावकाश तलवार परत म्यानात. शिकणाऱ्यांच्या तलवारी बोथट असायच्या. धारेची एकच, मोरिता सानांची, त्यांच्या आजोबांच्या आजोबांकडून आलेली.

पहिल्या दिवशी नुसतं बसायलाच शिकवतात. आता ते बसणं म्हणजे आपलं वज्रासन. धिप्पाड जर्मन मंडळी दहा मिनिटांत विव्हळायला लागायची. श्रीधरला लहानपणापासून जेवल्यावर वज्रासनात बसायची सवय, तो आपला निवांत. मोरिता सान दोनदा त्याच्याभोवती फिरून गेले, पाय दुखत नाहीत म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटून. शेवटी म्हणाले, "पाय जपानी आहेत. हात मात्र अजून कारखान्यातच आहेत." हात जपानी व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली. मोरिता सान कधी रागवायचे नाहीत, कधी वाहवा करायचे नाहीत. म्हणायचे, "नोख माल." पुन्हा एकदा. हजारदा केलं तरी नोख माल.

परतताना गाडीत गोष्टी निघायच्या. न्युरेम्बर्गला सामुराईंच्या चिलखतांचं प्रदर्शन भरलं होतं तेव्हा सुरेखाही, म्हणजे श्रीधरची बायको, बरोबर गेली. लोखंडाच्या नखाएवढ्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवून केलेलं ते चिलखत, छातीवर निळं, कमरेला नारिंगी. लढाईला चाललाय की लग्नाला, कळू नये. मोरिता सानांनी सांगितलं, की लढाईला जाताना काही सामुराई शिरस्त्राणात धूप जाळायचे. का, तर उद्या डोकं शत्रूच्या हाती गेलंच, तर त्याला दुर्गंध येऊ नये.

सुरेखा म्हणाली, "बघा अहो. मरताना शत्रूचीसुद्धा काळजी. आणि तुम्ही व्यायामशाळेतून आल्यावर ते कपडे सोफ्यावर टाकता."

मोरिता सानांना याचं भाषांतर करून सांगितलं, तर त्यांनी सुरेखाला कमरेतून वाकून नमस्कार केला. तेव्हापासून ते घरचे झाले. घरी आले की तलवार उजव्या बाजूला ठेवायचे. डावीकडे ठेवली तर उजव्या हाताने झटकन उपसता येते, म्हणून मित्राच्या घरी ती उजवीकडे. सुरेखा म्हणायची, कुणी माझ्या घरात इतक्या विश्वासाने बसलेलं मी पाहिलं नाही.

आणि एका फेब्रुवारीत जपानहून फोन आला. मोरिता सानांची म्हातारी आई पडली, मांडीचं हाड मोडलं. त्यांच्याशिवाय बघणारं कोणी नाही, बायको आणि बहीण कधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. तलवार जपानात परत न्यायची तर कागदपत्रं लागतात आणि त्याला वेळ नव्हता. जायच्या आदल्या दिवशी ते श्रीधरकडे आले. तलवार दोन्ही हातांवर घेऊन पुढं केली आणि म्हणाले, "वसंतात येतो. मग बरोबर बसू."

तो वसंत गेला. मग जगाची दारंच बंद झाली. मग आई अंथरुणाला खिळली. फोनवर निरोप यायचे, पण माणूस मूळचाच शब्दांचा कंजूष. ते लिहायचे, "तलवार?" हा लिहायचा, "छान आहे. तुम्ही?" ते लिहायचे, "छान आहे." एवढ्यावर श्रीधरचे पंधरा दिवस निघायचे.

महिन्यातल्या पहिल्या शनिवारी तो ठेवीची निगा राखायला बसायचा. सतरंजीवर पांढरं कापड, त्यावर तलवार. तांदळाच्या कागदाने जुनं तेल पुसायचं, रेशमी पुरचुंडीतल्या दगडाच्या भुकटीने पातं थोपटायचं, पुन्हा पुसायचं, मग लवंगेच्या तेलाचा हात. पात्याला उघडं बोट लावायचं नाही. त्याच्यावर श्वाससुद्धा पडू द्यायचा नाही, म्हणून ओठांत कागदाची घडी धरायची. सुरेखा म्हणायची, "महिन्यातून एकदा तरी या माणसाचं तोंड बंद असतं. मोरिता सानांचे उपकार आहेत." पण त्या वेळी ती टीव्ही बंद करून आत जायची. तिला दिसायचं ना. पातं पुसून झालं, की हा ते खिडकीच्या उजेडात धरायचा, धारेवरची ती ढगासारखी पांढुरकी रेघ बघत राहायचा, आणि मग आपल्या उजव्या हाताला बघायचा, जिथं मोरिता सान बसायचे. सतरंजीवर तो स्वतः नेहमी डावीकडेच बसायचा. अख्खी सतरंजी मोकळी असली तरी.

शनिवारी व्यायामशाळेत तो आता इतरांना शिकवायचा. पण पुढं मधोमध उभा राहायचा नाही. मधली जागा सोडून जरा बाजूला. नवीन आलेल्यांना वाटायचं, मधल्या फळ्या खराब असतील.

गेल्या सप्टेंबरात श्रीधरची आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मनोरमाबाई. ऐंशीला टेकलेल्या, पण आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी वर येऊन सगळं ठीक आहे ना विचारलं. खंडेनवमी आली. सुरेखाने पाट मांडला. श्रीधरचं मोजमापाचं व्हर्निअर, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, सासरहून आणलेली विळी, गाडीची किल्ली. श्रीधरने दरवर्षीसारखी तलवार म्यानासकट ठेवली आणि वर झेंडूचं फूल.

मनोरमाबाई म्हणाल्या, "उपस की."

"आई, ती नाही उपसायची. म्यानातच असू दे."

"म्यानाची पूजा? आरं, गावात म्यान पुजून पुजून काय झालं बघतोयस न्हवं? इतक्या वर्सांत एक पाट गावाला आला न्हाय. तुज्याकडं जित्तं पातं हाय आन् तू झाकून ठेवतूस?"

खरं सांगायचं, तर त्यालाही मनातून वाटलं, की ज्या आईने जन्मभर मूठ पुजली तिने एकदा पातं बघावं. त्याने तलवार काढली, पांढऱ्या कापडावर ठेवली आणि बजावलं, "हात नाही लावायचा. अक्षता लांबून." तेवढ्यात खालून घंटी वाजली. पार्सलवाला. सही करायला श्रीधर चार मजले उतरून गेला, सुरेखा नैवेद्याचं ताट आणायला आत गेली. तो परत आला तेव्हा आई हात जोडून बसलेली, पातं स्वच्छ. त्याने आरती केली आणि तलवार म्यानात घातली.

त्याच आठवड्यात निरोप आला. नेहमीपेक्षा लांब. "आई ऑगस्टमध्ये गेली. नोव्हेंबरात येतो. एक दिवस. कागद झाले आहेत."

श्रीधरने तो निरोप कितीदा वाचला असेल! 'येतो' वाचून उठून उभा राहायचा आणि 'कागद झाले आहेत' वाचून खाली बसायचा. कारण कागद होणं म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. इतकी वर्षं तलवार घरात होती, म्हणून माणूस यायचा होता. एकदा ती गेली, की कशाला कोण येतंय?

मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याने तलवार काढली आणि त्याच्या ओठांतला कागद खाली पडला. मुठीपासून चार बोटं वर, पात्यावर एक तांबूस डाग. बोटाच्या पेराएवढा. त्यात पेरावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

"आई, तू हात लावला होतास?"

"लावनार न्हाय तर! देवीला काय लांबनं कुंकू फेकून मारतूस? हळदकुंकू कालवलं, एक बोट लावलं. तू वरडशील म्हनून पदरानं पुसून टाकलं."

ओलं हळदकुंकू, वर बोटाचा घाम, आणि तसंच म्यानात बंद. भट्टीवरच्या माणसाला आणखी काय सांगायचं? कारखान्यातून पॉलिशची पेस्ट आणणं त्याला अवघड नव्हतं. त्याने आणलीही. फडक्यावर घेतली, पात्यापर्यंत नेली. दोन मिनिटांत डाग गेला असता, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूची ती ढगासारखी रेघही गेली असती. मोरिता सानांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, गंज परवडला, हौशी माणूस परवडत नाही. त्याने फडकं कचऱ्यात टाकलं.

सुरेखा म्हणाली, "निरोप पाठवून सांगून टाका."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

सुरेखाने कचऱ्याची पिशवी बांधून दाराशी ठेवली.

नोव्हेंबरात मोरिता सान आले. दार उघडलं तर समोर हातात काठी, केस पूर्ण पांढरे, कोट तोच आणि त्याची सगळी बटणं लावलेली. श्रीधर कमरेत वाकणार, तेवढ्यात मनोरमाबाई त्याला बाजूला सारून पुढं आल्या. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. लांबून आलेला माणूस, दृष्ट नको काढायला? मोरिता सानांना काय चाललंय कळेना, पण हा विधी आहे एवढं त्यांनी ओळखलं. डोकं खाली घालून उंबऱ्यात स्तब्ध उभे. बाईंनी तीनदा ओवाळून तुकडा जिन्यात भिरकावला. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी समोरच्या बिऱ्हाडाची होती. त्यांना तो तुकडा कुठून आला, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

चहा झाला. मग श्रीधरने पांढरं कापड अंथरलं आणि तलवार दोन्ही हातांनी पुढं केली. मोरिता सानांनी ती कपाळापर्यंत उचलली, ओठांत कागद धरला, म्यान सरकवलं, पातं खिडकीकडं केलं. टोकापासून खाली नजर येत गेली आणि चार बोटं वर थांबली.

श्रीधर म्हणाला, "चूक माझी आहे."

सोफ्यावरून आवाज आला, "त्येची न्हाय. ह्येची हाय." आणि मनोरमाबाईंनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

मोरिता सानांनी बोटाकडं पाहिलं, डागाकडं पाहिलं. कागद ओठांतून काढून विचारलं, "काय म्हणतात?" श्रीधरने सगळं सांगितलं. खंडेनवमी, शस्त्रांची पूजा, गावची मूठ, सगळं. मोरिता सान ऐकत राहिले. मग म्हणाले, "विचार त्यांना. बोट लावताना देवीकडं काय मागितलं?"

"आई, ते विचारतात, तू काय मागितलंस?"

"काय मागनार! म्हनलं, आई, ज्याची हाय त्याला सुखरूप पोचू दे. परक्याची ठेव किती दिस घरात ठेवायची? माजं पोर रोज त्या घोडीकडं बघून झुरतंय. ज्याचं त्याला जाऊ दे, आन् ह्यो मोकळा होऊ दे."

मोरिता सान भाषांतराची वाट बघत होते. सुरेखाने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, याचा चेहरा कसा झालाय ते.

"तुम्ही सुखरूप यावं, असं मागितलं," तो शेवटी जर्मनमध्ये म्हणाला.

"एवढंच? त्या पुष्कळ बोलल्या."

"मराठीत जास्त शब्द लागतात."

"गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं मोरिता सान म्हणाले. त्यांना पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मनोरमाबाईंकडं वळून इतका खाली नमस्कार केला, की बाई एकदम संकोचून पदर सावरायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावात एक पॉलिश करणारा आहे, त्याच्याकडं देतील. केसभर पोलाद जाईल. प्रत्येक पिढीत केसभर जातंच. पुढं ती बहिणीच्या मुलाकडं राहील. तो ओसाकाला असतो, तलवारीतलं त्याला काही कळत नाही, पण मुलगा नीटनेटका आहे.

"आणि तुम्ही? पुन्हा येणं…"

मोरिता सानांनी काठी हलवून दाखवली.

संध्याकाळी दोघं व्यायामशाळेत गेले. त्या दिवशी वर्ग नव्हता. हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथल्या रखवालदाराने, ओळखीवर दार उघडून दिलं आणि अर्ध्या तासाने येतो म्हणाला. मोरिता सान भिंतीच्या बाकावर बसले. श्रीधरने पिशवीतून आपली बोथट तलवार काढली, तर त्यांनी मान हलवली. "ही घे." आणि आजोबांच्या आजोबांची तलवार पुढं केली.

सहा वर्षं त्याने ती पुसली होती, पण चालवली एकदाही नव्हती. कमरेला लावली तेव्हा वजन जागच्या जागी बसलं. तो गुडघ्यावर बसला, समोर नसलेल्या माणसाची चाहूल घेतली आणि काढली. हवेत बारीक शीळ वाजली. बोथट तलवारीला ती तशी येत नाही. रक्त झटकलं, सावकाश म्यानात. पुन्हा. आणि पुन्हा. बाकावरून एक शब्द नाही. एकदा फक्त काठीचं टोक जरासं उचललं गेलं, याचा डावा खांदा वर येत होता तेव्हा. त्याने खांदा खाली घेतला आणि टोक खाली आलं.

मग मोरिता सान बाकाला धरून उठले आणि जमिनीवर बसायला लागले. श्रीधर धावला, तर हातानेच 'नको' म्हणाले. एक गुडघा, मग दुसरा. घाम आला, पण बसले. श्रीधर त्यांच्या डाव्या हाताला बसला. दोघांच्या पुढ्यात ती एकच तलवार आडवी. शेवटचा नमस्कार तलवारीला असतो. दोन्ही तळवे जमिनीवर, कपाळ तळव्यांपर्यंत. आणि त्याचा नियम असा, की गुरूचं डोकं वर आल्याशिवाय शिष्याने आपलं उचलायचं नाही.

दोघं वाकले.

श्रीधर लाकडी फळ्यांकडं बघत शेजारच्या कोटाच्या सळसळीची वाट पाहत राहिला. ती आली की संपलं. तलवार पेटीत, पेटी विमानात. सळसळ येईना. म्हाताऱ्याचे गुडघे अडकले की काय, म्हणून त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. अडकलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. हा संथ होता, आणि तळवे जमिनीवर निवांत पसरलेले.

दारात हाउसमाइस्टर आला. त्याने एकदा किल्ल्या वाजवल्या, मग आत बघितलं आणि जुडगा मुठीत आवळून तिथंच उभा राहिला. दोघांपैकी कुणीही डोकं वर केलं नव्हतं.